भूतानला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरातच होते: आधार कार्ड खिशात टाकून निघणं. ते भूतानमध्ये चालत नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परमिट लागतं आणि ते पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतं. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी. मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या, तोही इंग्रजीतला.

पॅकेज स्वस्त दिसलं की आधी एकच विचारा: एसडीएफ (शाश्वत विकास शुल्क) धरलाय का? हे शुल्क भारतीयांना माणशी, रात्रीला 1200 रुपये; 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं. नवरा-बायको, आठ वर्षांचं मूल आणि पाच रात्री म्हणजे 15,000 रुपये, हॉटेलचं बिल वेगळंच.

नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. थिंफू ते पुनाखा जेमतेम 75 किलोमीटर, पण मधे 3100 मीटरवरचा दोचुला घाट आहे. तीन तास धरा, गाडी लागणाऱ्यांना गोळी आधीच द्या. पावसाळ्यात भारताच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा परतताना बागडोगऱ्याच्या (सिलिगुडीजवळच्या) विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवलेला बरा.

सगळ्यात महागात पडते ती तक्त्सांगची, म्हणजे कड्यावरच्या ‘टायगर्स नेस्ट’ मठाची घाई. आल्या आल्या ‘टायगर्स नेस्ट उरकून टाकू’ म्हणणारे अर्ध्यावर धापा टाकत बसतात. मठ 3120 मीटरवर, पारो खोऱ्यापासून सुमारे 900 मीटर वर. तो सहलीच्या शेवटी ठेवा, सकाळी लवकर निघा. घोडा कॅफेटेरियापर्यंतच जातो आणि उतरताना तर मिळतच नाही. आजी-आजोबांना हे आधी सांगा. मठ समोर दिसायला लागला की पोचलो असं वाटतं, पण तिथून पायऱ्या उतरून धबधब्यापाशी जायचं आणि पुन्हा चढायचं. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे. दारात मोबाइल, कॅमेरा, बॅग जमा होते, त्यामुळे आत फोटो नाहीत. (माझ्या मते हे उत्तमच आहे.) हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, टोपी काढावी लागते. झोंगमध्येही (किल्ल्यासारख्या मठांत) कपड्यांचं हेच. छोर्तेनला (स्तूपाला) प्रदक्षिणा तो उजव्या हाताला ठेवूनच, आपल्या देवळासारखी.

वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते, ड्रायव्हरशी वेळ ठरवताना ‘कुठली’ ते विचारून घ्या.

जेवणात एमा दात्शी मागवताना जपून. यात मिरची हीच भाजी असते, वर चीज. मुलांसाठी केवा दात्शी सांगा, ती बटाट्याची. तीही ‘मिरची नको’ असं बजावूनच.