‘सिल्मरिलियन’ अर्ध्यात सुटतं? या चुका टाळा

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संपल्यावर जी हुरहुर लागते, त्या भरात लोक टोल्कीनचं, त्याच जगाच्या जुन्या इतिहासाचं आणि दंतकथांचं ‘सिल्मरिलियन’ मागवतात. पन्नास-साठ पानांत दम निघतो, पुस्तक कपाटात जातं आणि मत पक्कं होतं: असले जाडजूड इतिहास म्हणजे नुसता फाफटपसारा, मूळ गोष्टीत त्यांनी काडीची भर पडत नाही. माझं मत उलट आहे. भर पडते, पण कादंबरी वाचताना पडलेला एखादा प्रश्न सोबत घेऊन गेलात तरच. एरवी हाती लागते ती नावांची जंत्री.

पहिल्या पानापासून इमानेइतबारे वाचणं

सगळ्यात जास्त बळी याच चुकीने जातात. पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिला भाग विश्वनिर्मितीचा. तो छोटा आहे आणि सुंदर आहे, जरूर वाचा. दुसरा म्हणजे देवदेवतांची ओळखपरेड. तो खुशाल सोडा. मधला मोठा भाग उघडा आणि सरळ एकोणिसावं प्रकरण काढा: बेरेन आणि लूथिएन. ही नावं तुम्हाला नवी नाहीत. वेदरटॉपवर काळे स्वार चाल करून येण्याआधी अ‍ॅरागॉर्न हॉबिटांना हीच गोष्ट गाऊन दाखवतो. पुढे किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर सॅमला बेरेन आठवतो आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं, की फ्रोडोजवळच्या कुपीतला प्रकाश बेरेनने मिळवलेल्या त्याच सिल्मरिल रत्नाचा आहे, म्हणजे ती गोष्ट अजून चालूच आहे आणि आपण दोघे तिच्यातच आहोत. एकोणिसावं प्रकरण आणि त्या मधल्या भागातलं शेवटचं, एरेन्डिलचं, एवढं वाचून त्या पायऱ्यांवर परत या. तीच दोन पानं, पण वजन वेगळं लागतं.

गालाड्रिएलचंही तसंच. फ्रोडो तिच्यापुढे अंगठी धरतो, ती क्षणभर डळमळते आणि नाही म्हणते. कादंबरीपुरतं पाहिलं तर एका शहाण्या राणीने मोह आवरला, इतकंच. ‘सिल्मरिलियन’ सांगतं, की ही बाई तरुणपणी देवांची भूमी सोडून निघालेल्या बंडखोरांमध्ये होती, आणि निघाली होती ती स्वतःच्या मर्जीने चालवता येईल असं राज्य हवं म्हणून. हजारो वर्षं जे हवं होतं तेच समोरच्या तळहातावर आलं, आणि ते तिने परत केलं. प्रसंगात एक शब्दही बदललेला नाही.

यामागे कारण आहे. या दंतकथा कादंबरीला मागाहून चिकटवलेल्या नाहीत. टोल्कीन त्या १९१६-१७ पासून लिहीत होता. १९३७ मध्ये ‘हॉबिट’ गाजल्यावर त्याने प्रकाशकापुढे त्याच ठेवल्या, पण डाळ शिजली नाही. प्रकाशकाला हॉबिटच हवे होते. त्यातून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आलं आणि ‘सिल्मरिलियन’ १९७७ मध्ये, टोल्कीनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आपल्या हातात उलट्या क्रमाने पडलं, म्हणून ते शेपूट वाटतं.

नावं पाठ करायला बसणं

फिनवे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिंगॉन, फिनरॉड: सगळी एकाच एल्फ राजघराण्यातली. इथे कोणाचंही डोकं गरगरेल. पाठ करू नका. मागच्या वंशावळीच्या पानावर खूण घाला आणि प्रत्येकाची एकच करणी लक्षात ठेवा. फिंगॉनने कड्यावर मनगटाने टांगलेल्या मित्राचा हात कापून त्याला सोडवलं. फिंगोल्फिन एकटा जाऊन त्या काळचा महाखलनायक मोर्गोथ याच्याशी भिडला आणि त्याला सात जखमा करून मेला. फिनरॉड दिलेल्या शब्दापायी सॉरॉनच्या कोठडीत बेरेनला वाचवताना गेला. गालाड्रिएलचा हा भाऊ. एवढ्यावर गाडी चालते. बाकीची नावं विसरलात तरी काही अडत नाही.

नकाशात रिव्हेन्डेल शोधणं

कादंबरीतलं एल्फांचं हे ठिकाण इथे सापडणार नाही. चौदावं प्रकरण बेलेरियांडचा भूगोल सांगतं, आणि हा प्रदेश पहिल्या युगाच्या शेवटी जवळजवळ सगळाच समुद्रात गेला. दोन नकाशे जोडायचे तर निळ्या पर्वतांची रांग धरा: इथे ती पूर्वेच्या कडेला आहे, कादंबरीच्या नकाशात पश्चिमेच्या. (चौदावं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल. मी तर म्हणेन, सोडाच.)

प्रत्येक ओळ ब्रह्मवाक्य मानणं

‘सिल्मरिलियन’ वडिलांच्या हस्तलिखितांतून ख्रिस्तोफर टोल्कीनने जुळवलं, गाय गॅव्हरिएल के याच्या मदतीने. १९८० च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये गालाड्रिएल आणि तिचा नवरा केलेबॉर्न यांची हकिकत एकमेकींशी न जुळणाऱ्या रूपांत दिली आहे, आणि त्या जुळत नाहीत हे ख्रिस्तोफर स्वतःच सांगतो. तेव्हा खरं कोणतं यावर हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या ‘फायर अँड ब्लड’मध्ये (२०१८), म्हणजे त्याच्या जगाच्या काल्पनिक इतिहासात, हा गोंधळ मुद्दामच घातलेला आहे. सरदार क्रिस्टन कोल आणि राजकन्या रेनिरा यांचं का फाटलं? धर्मगुरू युस्टेस म्हणतो, त्याने पळून जाऊ म्हटलं आणि तिने नाकारलं. विदूषक मशरूम म्हणतो, तीच त्याच्याकडे गेली आणि त्याने झिडकारलं. टीव्हीवर तिसरंच दाखवलं. बखर वाचताना आपण जसं लिहिणारा कोणाच्या पदरी होता हे आधी पाहतो, तसंच हे वाचायचं. वाचायला मजा येते. पण मार्टिनची मूळ कादंबरीमालिका याने समृद्ध होते का? माझ्या मते फारशी नाही. २०११ मध्ये पाचवी कादंबरी आली, सहावीची वाट पाहणाऱ्यांच्या हातात हा इतिहास पडला, आणि पाचव्या कादंबरीत जे अडलं होतं ते इथे सुटत नाही. सहावीची भूक भागवायला तो घेऊ नका.

कादंबरीची भूक याच्यावर भागवणं

संवाद, पात्रांच्या मनातली घालमेल, संथ प्रवास हवा असेल तर २००७ चं ‘चिल्ड्रन ऑफ हुरिन’ घ्या. ‘सिल्मरिलियन’मध्ये एका प्रकरणात उरकलेली तुरिनची कथा तिथे सविस्तर आहे, आणि चांगलीच काळीकुट्ट आहे.

थांबायचं कुठे हे न ठरवणं

टोल्कीनने १९६३ च्या एका पत्रात लिहिलं होतं, की कादंबरीमागे दूरवर दिसणाऱ्या इतिहासाची ओढ ही न पाहिलेल्या बेटासारखी असते. तिथे जाऊन पोचलं की जादू सरते, पुढे आणखी काही दूरचं दिसत राहिलं तर गोष्ट वेगळी. ‘सिल्मरिलियन’मध्ये ते दिसत राहतं. १९८३ ते १९९६ दरम्यान निघालेल्या ‘हिस्ट्री ऑफ मिडल-अर्थ’च्या बारा खंडांत मात्र लेखकाचं टेबल दिसतं: कच्चे खर्डे, खाडाखोड, तळटीपा. लेखन कसं घडतं याची आवड असेल तर सहावा खंड घ्या, नाहीतर वाटेला जाऊ नका. कारण पहिल्या खर्ड्यांत अ‍ॅरागॉर्न नाहीच. त्याच्या जागी लाकडी बूट घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट आहे. पुढच्या वेळी ब्री गावाच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला तो रुबाबदार अनोळखी माणूस वाचताना हे बूट खडखडणार, याची तयारी ठेवा.