ऱ्हाईन आणि मोझेल: आधी बोट ठरवा, मग गाडी

फ्रांकफुर्टला उतरून तीन-चार दिवसांत ऱ्हाईन आणि मोझेल ही दोन खोरी पाहायची असतील, तर आखणी बोटीपासून सुरू करा. रेल्वेगाड्या दोन्ही खोऱ्यांत साधारण दर तासाला असतात. प्रवासी बोटी मात्र दिवसातून मोजक्याच, आणि त्याही हंगामातच. हॉटेल आणि गाडी आधी ठरवून बोट शेवटी बघणाऱ्यांची बोट हमखास चुकते.

पहिला प्रश्न महिन्याचा. नियमित बोटसेवा साधारण ईस्टरच्या सुमाराला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपते. महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या दोन मोठ्या सुट्ट्या इथे अडचणीच्या ठरतात. दिवाळीत गेलात तर बोटी बहुधा बंद झालेल्या असतात किंवा शेवटच्या आठवड्यातल्या एक-दोनच उरलेल्या असतात. एप्रिलमध्ये बोटी असतात, पण फेऱ्या कमी. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, जून आणि सप्टेंबर हा सगळ्यांत चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, पण जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो आणि एका दिवसात बरंच पाहून होतं.

ऱ्हाईनचा कुठला भाग पाहायचा, याबद्दल फार विचार करायची गरज नाही. बिंगेन-र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेंत्सपर्यंतचं ६५ किलोमीटरचं खोरं २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यातही नजर खिळवून ठेवणारा पट्टा बिंगेन ते सांक्ट गोआर, म्हणजे अर्धाच. बोटीचे पैसे आणि वेळ तिथेच घाला, बाकीचं अंतर गाडीने कापा. कोब्लेंत्सपासून र्‍यूडेसहाइमपर्यंत प्रवाहाविरुद्ध बोटीने जायला सुमारे सहा तास लागतात, उलट प्रवाहासोबत चार. सहा तास डेकवर बसल्यावर शेवटचे किल्ले कुणी धड पाहत नाही, लहान मुलं तर नाहीच.

बोटीच्या वेळापत्रकात 'टालफार्ट' म्हणजे प्रवाहासोबत खाली आणि 'बेर्गफार्ट' म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण त्याच दोन गावांमधल्या वेळेत यामुळे मोठा फरक पडतो. बाखाराख ते सांक्ट गोआर खाली जाताना पाऊण तास, वर येताना तासाहून जास्त. नियमित सेवा मुख्यतः १८२६ साली सुरू झालेल्या कोल्न-ड्युसेलडॉर्फर, म्हणजे केडी, या कंपनीची आहे. तिच्याखेरीज लहान कंपन्याही बोटी चालवतात. प्रत्येक कंपनीचा धक्का वेगळा असतो आणि एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. तिकिटावरचं कंपनीचं नाव आणि धक्क्यावरची पाटी जुळते का ते पाहूनच रांगेत उभे राहा. आणखी एक घोटाळा 'रुंडफार्ट' या शब्दाचा. ती फिरून त्याच धक्क्यावर परत आणणारी फेरी असते. पुढच्या गावी उतरायचं असेल तर ती घेऊन उपयोग नाही. लहान गावांच्या धक्क्यावर बोट दोन-चार मिनिटंच टेकते, तेव्हा पंधरा मिनिटं आधी पोहोचा.

आता हा पट्टा समजून घ्यायची खरी किल्ली. माइन्त्स-वीसबाडेन सोडलं की कोब्लेंत्सपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. दोन्ही काठांवरून रेल्वे धावते, पण एका काठावरून दुसऱ्यावर जायचं तर फेरीबोट: बिंगेन-र्‍यूडेसहाइम, नीडरहाइमबाख-लोर्ख, काउब, सांक्ट गोआर-सांक्ट गोआर्सहाउजेन आणि बोपार्ड-फिल्सेन. सांक्ट गोआर डाव्या काठावर आणि सांक्ट गोआर्सहाउजेन बरोबर समोर उजव्या काठावर (डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतो). नावं इतकी सारखी की हॉटेलचं आरक्षण चुकीच्या काठावर होतं आणि रात्री फेरी बंद झाल्यावर ते लक्षात येतं. आरक्षण करताना नकाशात काठ तपासाच. फेरीचं तिकीट बोटीवर रोख देऊन घेता येतं, म्हणून थोडी नाणी खिशात असू द्या.

डाव्या काठाने आरबी २६ ही गाडी प्रत्येक लहान स्थानकावर थांबते. आरई २ ही जलद गाडी फ्रांकफुर्टहून विमानतळ आणि माइन्त्समार्गे कोब्लेंत्सला येते, पण सगळी गावं घेत नाही. उजव्या काठाने आरबी १० वीसबाडेनहून र्‍यूडेसहाइम, काउब, सांक्ट गोआर्सहाउजेन, ब्राउबाख करत जाते. २०२६ मध्ये जाणार असाल तर जुलैपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत उजव्या काठाचा लोहमार्ग मोठ्या दुरुस्तीसाठी पूर्ण बंद ठेवायचं नियोजन आहे. त्या काळात सगळी आखणी डाव्या काठावर ठेवा. गाडीऐवजी धावणाऱ्या बसला वेळापत्रकात 'एसईव्ही' लिहिलेलं असतं. ती स्थानकाच्या आत नाही, बाहेरच्या थांब्यावरून सुटते आणि बराच जास्त वेळ घेते.

मुक्काम एकच ठेवा: कोब्लेंत्स किंवा बोपार्ड. कोब्लेंत्सला दोन्ही नद्या मिळतात आणि दोन्ही खोऱ्यांच्या गाड्याही तिथूनच सुटतात, म्हणून रोज बॅगा ओढत फिरावं लागत नाही. तिथे बोटीचा धक्का गाठायला मुख्य स्थानकापेक्षा 'कोब्लेंत्स श्टाटमिटे' हे छोटं स्थानक जवळ पडतं. बिंगेनलाही दोन स्थानकं आहेत. बोटीसाठी 'बिंगेन श्टाट'ला उतरायचं, मुख्य स्थानक नाहे नदीच्या पलीकडे राहतं. नदीकाठच्या गावात राहणार असाल तर एक गोष्ट हॉटेलवाले सहसा सांगत नाहीत: या खोऱ्यात रात्रभर मालगाड्या धावतात आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये आवाज घुमतो. झोप हलकी असेल तर नदीच्या देखाव्याचा मोह सोडून मागच्या बाजूची खोली मागा.

ऱ्हाईनचा दिवस असा बसवता येतो. सकाळी कोब्लेंत्सहून आरबी २६ ने बाखाराख. गाडी खोऱ्यातून वर जाताना नदी डावीकडे दिसते, म्हणून डाव्या खिडकीशी बसा. बाखाराखला जुन्या तटावरून फिरायला दीड तास ठेवा. मग बोटीने खाली सांक्ट गोआर. इथे पाऊण तासात काउबजवळ नदीच्या मधोमध जहाजासारखा उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइनचा जकातीचा किल्ला, ओबरवेझेलचे बुरूज आणि लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा येतो. सांक्ट गोआरला उतरून वर राइनफेल्सचा पडका किल्ला चढा. चढ पंधरा-वीस मिनिटांचा आहे, पण खडा आहे. परत बोपार्डपर्यंत बोट, तिथून गाडी.

वेळ जास्त असेल आणि किल्ले आवडत असतील तर बाखाराखऐवजी बिंगेनहूनच बोट धरा. प्रकाशाचाही विचार करा. सकाळी ऊन डाव्या काठावरच्या राइनश्टाइन, सूनेक, श्टालेक यांच्यावर पडतं, दुपारनंतर उजव्या काठावरच्या गुटेनफेल्स, कात्स, माउस यांच्यावर. फोटो चांगले हवे असतील तर डेकची बाजू त्याप्रमाणे निवडा.

डेकवरून किल्ला ओळखायला अ‍ॅप नको. काठावर मोठ्या आकड्यांच्या पाट्या आहेत. कोन्स्टान्त्सच्या पुलापासून शून्य धरून हे किलोमीटर मोजलेले आहेत. बाखाराख सुमारे ५४३, काउब ५४६, लोरेलाय ५५५ च्या आसपास, मार्क्सबुर्ग ५८०, आणि मोझेल जिथे ऱ्हाईनला मिळते ते कोब्लेंत्सचं 'डॉयचेस एक' ५९२. कागदावर एवढं लिहून घेतलं की मुलंही पुढचा किल्ला आधीच शोधायला लागतात. या भागात डोंगरमाथ्यावरचा, कधीच उद्ध्वस्त न झालेला किल्ला मार्क्सबुर्ग हाच. एकच किल्ला आतून पाहायचा असेल तर हा पाहा. स्थानक उजव्या काठावरचं ब्राउबाख.

पाण्याची पातळी हा विषय बहुतेक प्रवासी विसरतात. आपल्याकडे नदी म्हटली की भीती पुराची. ऱ्हाईनवर पूर येतोच, पण उन्हाळ्याच्या अखेरीस अडचण नेमकी उलटी असते: पाणी आटतं. सगळ्यांचं लक्ष असतं ते काउबच्या मापकावर, कारण या पट्ट्यात नदीचा तळ तिथे उथळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथला आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत उतरला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. मापपट्टीच्या शून्यापासून मोजलेली ती उंची आहे, जहाजांच्या मार्गात पाणी त्याहून खोल असतं. पाणी फार कमी झालं की बोट काही धक्क्यांना लागू शकत नाही आणि तो थांबा गाळला जातो. उलट काउबला पातळी ६.४० मीटरला पोचली की या पट्ट्यातली वाहतूक पूर्ण थांबवतात. आदल्या संध्याकाळी पातळी आणि कंपनीच्या संकेतस्थळावरची सूचना बघा. बोट रद्द झाली तर त्याच खोऱ्यातून गाडी जातेच, म्हणून दिवस वाया जात नाही.

मोझेलचा स्वभाव वेगळा. ही नदी वळणावळणाची, संथ आणि बंधाऱ्यांनी पायऱ्या पाडलेली. कोब्लेंत्स ते ट्रियर असे दहा बंधारे आहेत आणि प्रत्येकापाशी बोटीला जलपाशातून, म्हणजे लॉकमधून, वर किंवा खाली व्हावं लागतं. त्यामुळे इथे बोट हे अंतर कापायचं साधन नाहीच. कोखेमपर्यंत गाडीने या आणि तिथून बाइलश्टाइनपर्यंत तासाभराची बोट घ्या. वाटेत फांकेलचा लॉक लागतो. पाणी चढताना बोट भिंतीलगत वर येते, ते पाहण्यासाठी पुढच्या बाजूला उभे राहा. बाइलश्टाइनला रेल्वे नाही, म्हणून उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ पाहून ठेवा. लॉकच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी काही दिवस वाहतूक बंद असते, तेव्हा तारखा आधी तपासा.

कोब्लेंत्सहून वर जाताना गाडीत डावीकडे बसा, कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला राहते. कोखेमनंतर ४,२०५ मीटरचा कैझर विल्हेल्म बोगदा नदीचं एक भलंमोठं वळण एका झटक्यात तोडतो. बुलायच्या पुढे पुल, बोगदा आणि प्युंडरिखचा लांब कमानींचा पूल ओलांडून रेल्वे नदी सोडून विटलिखकडे वळते. याचा अर्थ मोझेलकाठच्या बेर्नकास्टेल-कूएस या गावाला गाडी जात नाही. विटलिखहून बस घ्यावी लागते, किंवा बुलायहून फाट्याच्या गाडीने ट्राबेन-ट्रारबाख आणि पुढे बोट. तीन दिवसांच्या सहलीत हे बसवायला गेलात तर दमछाक होईल, ते चौथ्या दिवसासाठी ठेवा.

एल्त्सचा किल्ला पाहायचा तर मोझेलकेर्न स्थानकावर उतरून ओढ्याकाठच्या पायवाटेने सुमारे पाच किलोमीटर, सव्वा ते दीड तास. पायात चांगले बूट हवेत, शेवटी चढ आहे. हिवाळ्यात किल्ला बंद असतो.

पुढे ट्रियरला, पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा पाहायला, जाणार असाल तर आरई गाडीत डबा बघून बसा. ट्रियरला गाडीचे दोन भाग होतात, एक जर्मनीतच पुढे जातो, दुसरा लक्झेम्बर्गला. ट्रियरपर्यंतच जायचं असेल तर काळजी नाही, त्यापुढे जायचं असेल तर डब्यावरची पाटी वाचा.

तिकिटांचं गणित माणसांच्या संख्येवर ठरतं. तीन ते पाच जण असाल तर राइनलांड-फाल्त्स या राज्याचं तिकीट घ्या. एका दिवसाला पाच जणांपर्यंत एकच तिकीट, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ पासून आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून लागू. तिकिटावर प्रत्येकाचं नाव लागतं आणि तपासनीस पासपोर्ट मागतो. फ्रांकफुर्ट त्याच्या हद्दीत येत नाही, विमानतळापासूनच्या प्रवासाचं तिकीट वेगळं काढा. एकटे-दुकटे असाल आणि त्याच महिन्यात इतर शहरंही फिरणार असाल तर डॉयचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचं तिकीट, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. ही दोन्ही तिकिटं आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत आणि केडीच्या बोटीवर चालत नाहीत. काही हॉटेलं पाहुण्यांना परिसरातल्या बस-गाड्यांचा मोफत पास देतात. चेक-इनच्या वेळी विचारा, नाहीतर स्वतःहून कुणी देईलच असं नाही.

शाकाहारी मंडळींनी फ्लामकुखेन, म्हणजे पातळ पिझ्झासारखा पदार्थ, मागवताना 'फेगेटारिश' असं स्पष्ट सांगावं, कारण नेहमीच्या फ्लामकुखेनवर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या शेवया, आणि सफरचंदाच्या गरासोबत मिळणारे बटाट्याचे राइबेकुखेन पोटभर होतात. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, बेकऱ्या फक्त सकाळी उघडतात. रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.

परतीच्या दिवशी बोट ठेवू नका. कोब्लेंत्सहून विमानतळाला आरई २ ने साधारण दीड तास लागतो, पण गाडी रद्द होण्याची शक्यता धरून किमान एक गाडी आधीची निवडा. फलकावर 'फेल्ट आउस' दिसलं की ती गाडी रद्द. ही गाडी विमानतळाच्या रेगिओनालबानहोफ या स्थानकावर थांबते. आयसीई घेतलीत तर फेर्नबानहोफ या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्थानकावर उतराल, आणि तिथून टर्मिनलपर्यंत चालायचं अंतर जास्त आहे, तेवढी मिनिटं हाताशी ठेवा.