टपालपेटीवर आधी नाव लावा

जर्मनीला निघालेली मुलं ठाण्याला नौपाड्यात आमच्याकडे भेटायला येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुकर न्यावा का? तूरडाळ मिळते का? थंडीचे कपडे इथून घ्यावेत की तिथून? कुकर न्या, डाळ मिळते, जाड जॅकेट तिथेच घ्या. मी नऊ वर्षं श्टुटगार्टमध्ये काढून परत आले आहे आणि या मुलांना सगळ्यात आधी टपालपेटीबद्दल सांगते.

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या पेट्यांची कुलपं गंजली आहेत, कारण सगळं मोबाइलवर येतं. तिथे महत्त्वाचं बरंचसं अजूनही लिफाफ्यातून येतं. पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच, पेटीवरचं आडनाव पाहून पोस्टमन पत्र टाकतो. माझ्या पहिल्या घराच्या पेटीवर दोन महिने आधीच्या भाडेकरूचंच नाव राहिलं आणि माझ्या कर-क्रमांकाचं पत्र परत गेलं. तो ११ आकडी क्रमांक कंपनीकडे नसला तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. माझा कापला गेला. पुढे ते पैसे मिळाले, पण त्या महिन्याचं घरभाडं भरताना मला रडू आलं होतं. किल्ली हातात आली की त्याच दिवशी चिठ्ठीवर आडनाव लिहा आणि पेटीवर आणि दाराच्या घंटीवर चिकटवा.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करायची असते. तिला आन्मेल्डुंग म्हणतात. नुसता भाडेकरार चालत नाही, तुम्ही तिथे राहता असा घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. तो किल्ली घेतानाच मागा. ‘इथे नोंद करता येणार नाही’ असं कोणी म्हणालं तर घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मोठ्या शहरांत कचेरीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून ती आधीच मागून ठेवा.

नोंद झाली की पत्रं सुरू होतात. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र बघून नवीन मुलांना ती फसवणूक वाटते. ती फसवणूक नाही. टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात. चौघं एकत्र राहत असाल तर एकानेच भरायचे.

पिवळा लिफाफा आला तर मात्र सगळं बाजूला ठेवून तो उघडा. सरकारी किंवा कोर्टाचा कागद पेटीत टाकला की तो तुम्हाला मिळाला असंच धरतात. पोस्टमन लिफाफ्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. तुम्ही ठाण्याला सुट्टीवर आलेले असलात तरी ते दिवस सरत राहतात. म्हणून महिनाभर बाहेर जाताना पेटीची किल्ली मित्राकडे द्या. भाषा येत नसेल तर कागदावर आधी ‘फ्रिस्ट’ हा शब्द शोधा. फ्रिस्ट म्हणजे मुदत.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी आणा. रात्री १० नंतर मिक्सर लावू नका. जीव धोक्यात असेल तर ११२, नुसता ताप असेल आणि दवाखाने बंद असतील तर ११६११७.

आता ठाण्याच्या बाजूचं. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्या. परदेशी राहायला गेल्यावर साधं खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. घराच्या किंवा बँकेच्या कामासाठी कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर निघण्याआधीच करा. तिथून करायचं तर भारतीय वकिलातीत सही करावी लागते, आणि तो कागद इथे आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मला हे सगळं तिथून करावं लागलं, दोन सुट्ट्या त्यातच गेल्या.

घराची एक किल्ली शेजारी द्या. बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा आई गावाला गेली होती आणि बाबा फोनवर मला एवढंच सांगू शकले की दार आतून बंद आहे. मी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्यांच्याकडे किल्ली होती, आणि आमच्या डॉक्टरांचा नंबर त्यांच्या फ्रिजवर मी जाताना चिकटवला होता.