लोडर उचलत नाही? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात शेणखत आणि प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) रानात टाकायची गडबड असते. पाऊस लागला की ट्रॉली रानात उतरत नाही आणि उसाची आडसाली लागण तोंडावर येते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या ट्रॅक्टरच्या लोडरनं, म्हणजे ऑइलच्या दाबावर पुढचं बकेट उचलणाऱ्या बाहूंनी, दम सोडला. भरलेलं बकेट ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत जाईना. दोघातिघांनी एकच सांगितलं, "पंप गेला." पंप बदलला, पैसे गेले, लोडर होता तसाच. शेवटी सक्शनची, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या पाइपची, जाळी काढली, तर ती रबराच्या कणांनी आणि चिकट गाळानं गच्च भरलेली. धुऊन बसवल्यावर पहिल्याच फेरीत बकेट वर गेलं. जुना पंप शेडमध्ये पडून आहे आणि त्यात काहीही बिघाड नाही.

तेव्हापासून कुणी लोडरची तक्रार सांगितली की मी आधी एकच विचारतो: लोडर हळू झालाय की कमजोर झालाय? सगळी मेख इथंच आहे. पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो बकेटमधल्या वजनामुळं, आणि तो किती वाढू द्यायचा हे रिलीफ व्हॉल्व (जादा दाब सोडून देणारी झडप) ठरवतो. वजन उचलतंय पण वेळ लागतोय, तर ऑइलचा पुरवठा कमी पडतोय. रिकामं बकेट झपाट्यानं वर जातंय पण भरलं की जागेवर थांबतंय, तर दाब तयार होत नाही. या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत.

हे घड्याळ लावून तपासता येतं. 63 मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि 500 मिलिमीटर स्ट्रोकचे (रॉड बाहेर येण्याचं अंतर) दोन जॅक, म्हणजे बाहू उचलणारे सिलिंडर, पूर्ण बाहेर यायला सुमारे 3.1 लिटर ऑइल लागतं. पंप मिनिटाला 30 लिटर देत असेल तर बाहू साधारण 6 सेकंदांत वर पोचले पाहिजेत. बारा लागले तर निम्मं ऑइल कुठंतरी अडतंय किंवा परत फिरतंय. लोडर चांगला असतानाच ही वेळ मोजून वहीत लिहून ठेवा, नंतर तुलनेला कामी येते.

हळू चालणाऱ्या लोडरची कारणं बहुधा स्वस्तातली असतात. सगळ्यात आधी कपलर, म्हणजे पाइप जोडायचे खटक्याचे सांधे, बघा. पाइप जोडताना धूळ अडकली किंवा खटका पूर्ण बसला नाही, की आतली गोळी अर्धवट उघडते. मग ऑइलची पातळी. ती जॅक आत, बकेट जमिनीवर, ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना बघायची. बाहू वर ठेवून डिपस्टिक पाहिली की ऑइल जॅकमध्ये गेलेलं असतं, पातळी कमी दिसते आणि माणूस जास्त ओततो. त्यानंतर सक्शनची जाळी आणि फिल्टर. जाळी तुंबली की पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो. तसं चालवत राहिलं तर चांगला पंपही खरोखर खराब होतो.

ऑइलचा रंग जरूर बघा. दुधाळ दिसलं तर काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छ झालं तर तो फेस होता, म्हणजे सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा शिरतेय. दुधाळच राहिलं तर पाणी आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्यात राहिलेल्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत तर हे तपासल्याशिवाय काहीच करू नये. पाणी मिसळलेलं ऑइल बदलावंच लागतं, वरून नवीन ओतून भागत नाही. आणि हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल टाकायची सवय सोडा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, ऑइलमधले ब्रेक आणि हायड्रोलिक एकाच ऑइलवर चालतात. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच टाका.

आता कमजोर लोडर. इथली सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे रिलीफ व्हॉल्वचा स्क्रू आवळणं किंवा स्प्रिंगखाली वॉशर घालणं. ताकद वाढल्यासारखी वाटते खरी, पण अर्धा इंची एकतारी (आत तारेचं एकच जाळं असलेल्या) पाइपची कामाची मर्यादा सुमारे 160 बार (दाब मोजायचं एकक) आणि दुतारीची 275 असते. तुमच्या पाइपांवर काय छापलंय हे न बघता दाब वाढवणं म्हणजे पाइप फुटायची वाट बघणं. आधी दाब मोजायचा गेज लावा. मॅन्युअलमध्ये 180 बार लिहिलंय आणि गेज 120 दाखवतोय, तर 63 मिलिमीटरच्या एका जॅकची ताकद सुमारे 5,700 किलोवरून 3,800 वर आली, एवढा तो फरक आहे. लिव्हर टोकाला दाबून गेज बघायचा तो फक्त दोन-तीन सेकंद, नाहीतर ऑइल तापतं.

बाहू आणि बकेट दोन्ही कमजोर असतील तर दोष सामाईक आहे: ऑइल, पंप, रिलीफ. मागची लिफ्टही त्याच पंपावर असेल तर ती वजन उचलून बघा. ती चांगली चालली तर पंप चांगला. एकच हालचाल कमजोर असेल तर दोष त्या जॅकमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्वच्या (लिव्हरनं चालणाऱ्या झडपेच्या) त्या भागात. सकाळी बरं आणि दुपारी ढिलं पडत असेल, किंवा फक्त इंजिन रेस केल्यावरच उचलत असेल, तर आतल्या आत गळती आहे. इथं मात्र पंपावर संशय घ्यायला जागा आहे.

इंजिन बंद केल्यावर बाहू हळूहळू खाली येत असेल तर लगेच जॅकचं सील किट आणू नका. व्हॉल्वमधूनही तेच होतं. खात्रीसाठी बाहूंना लोखंडी आधार लावून, इंजिन बंद ठेवून, लिव्हर हलवून दाब मोकळा करायचा. मग जॅकच्या रॉडकडच्या बाजूचा पाइप सोडून त्या पाइपचं टोक घट्ट बंद करायचं आणि इंजिन चालू करून उचलायच्या दिशेनं दाब द्यायचा. जॅकच्या उघड्या तोंडातून ऑइल येतच राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. हे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या. सील बदलताना रॉडवर गंजाचे खड्डे किंवा जॅकच्या नळीला आतून ओरखडे दिसले, तर नवं सीलही महिन्याभरात कापलं जाईल. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत नळी होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून), रॉड दुरुस्त करून घ्या.

गळती शोधताना पाइपवर हात फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत घुसते, आणि वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसत असला तरी आत विष पसरतं. पुठ्ठा फिरवा, त्यावर डाग दिसेल. धार लागलीच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘हायड्रोलिक ऑइल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.