स्पोर्ट्स कारसाठी रिम आणि टायर निवडताना: आधी जागा मोजा, मग ऑफसेट ठरवा

‘नऊ इंची रिम, ऑफसेट ३५. माझ्या गाडीला बसेल का?’ (ऑफसेट म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसेल ते ठरवणारा मि.मी.मधला आकडा.) हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता मी उलट एकच विचारतो: स्ट्रट (चाकाजवळचा, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला सस्पेन्शनचा खांब) आणि टायरमध्ये किती जागा आहे ते मोजलंत का? बहुतेकांनी मोजलेलं नसतं. कुणाच्या तरी त्याच मॉडेलच्या गाडीला ती रिम बसलेली असते आणि तेवढ्यावर ऑर्डर द्यायची तयारी झालेली असते. पण त्या गाडीचं सस्पेन्शन किती खाली आहे, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल; माथा आत झुकला की निगेटिव्ह) किती दिलाय, टायर कोणत्या कंपनीचा आहे, मडगार्डची आतली दुमड चेपून घेतली आहे का, यातलं एक जरी वेगळं असलं तरी उत्तर बदलतं.

दुसरी चूक क्रमाची. लोक आधी रिम पसंत करतात आणि मग तिच्यावर चढेल तो टायर शोधतात. गाडी रस्ता धरते ती टायरवर. म्हणून आधी टायर, मग रिमची रुंदी आणि सगळ्यात शेवटी ऑफसेट.

१. टायरचा साइज

उदाहरणाला टोयोटा ८६ घेऊ. तिची मूळ रिम १७ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. टायर २१५/४५ आर १७: रुंदी २१५ मि.मी., साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ४५ टक्के उंच, रिम १७ इंची. साइडवॉलची उंची २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९६.७५ मि.मी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे ४३१.८ मि.मी. मिळवायचे. चाकाचा व्यास झाला ६२५.३ मि.मी. आता २४५/४० आर १७ चा व्यास काढा: ६२७.८. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उत्तम. तोच २४५ तुम्ही ४५ च्या साइडवॉलमध्ये घेतलात तर व्यास ६५२.३ होतो, चार टक्क्यांहून मोठा. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागू शकतो, गिअर लांबल्यासारखे वाटतात आणि मडगार्डखालची उंचीची जागा विनाकारण खर्च होते. मी दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासाचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही मूळच्याइतकंच ठेवा. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांच्या वेगांची तुलना करूनच काम करतात. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर इथे अजिबात सूट घेऊ नका.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलेल याचा सांकेतिक आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५. टायरची वेगमर्यादा सांगणारं अक्षरही खालचं नको.

२. रिमची रुंदी

प्रत्येक टायरला कंपनीने रिमच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते. २४५/४० साठी ती ८ ते ९.५ इंच आहे. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची फॅशन आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. ताणलेल्या टायरची कड रिमला नीट संरक्षण देत नाही, आणि हवा थोडी कमी झाली की जोरदार वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो.

३. पीसीडी, हबचं भोक, नट

पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा मि.मी.मधला व्यास, तंतोतंत जुळलाच पाहिजे. ११२ च्या जागी ११४.३ ‘जवळपास’ चालत नाही. रिमचं मधलं भोक हबपेक्षा (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर योग्य मापाची सेंटरिंग रिंग घ्या. नटची बैठक पाहा: बाजारातल्या बहुतेक रिम्सना ६० अंशांचा शंकू लागतो, काही गाड्यांचे मूळ नट मात्र गोल बैठकीचे असतात. ते शंकूच्या भोकात वापरले तर टेकतात फक्त एका बारीक रेषेवर, आणि चालता चालता सैल होतात.

४. ऑफसेट

इथे घाई करू नका. माझे दोन टायर याच पायरीवर गेले.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक उभं, सपाट प्रतल कल्पा. रिमचा हबला टेकणारा भाग त्या प्रतलापासून जितके मि.मी. गाडीच्या बाहेरच्या बाजूला, तितका धन (+) ऑफसेट. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. रुंदी वाढते ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी, म्हणजे एका इंचाला दर बाजूला १२.७ मि.मी.

आता ८६ ला ९ इंची रिम लावू. मूळ ७ इंचांपेक्षा २ इंच जास्त, म्हणून दर बाजूला २५.४ मि.मी. ऑफसेट ४८ च ठेवला तर रिमची कड आत २५.४ आणि बाहेर २५.४ सरकते. ४२ घेतला तर आत १९.४, बाहेर ३१.४. ३५ घेतला तर आत १२.४, बाहेर ३८.४. तिन्ही वेळा बेरीज ५०.८ च येते. ऑफसेटने जागा तयार होत नाही, ती फक्त एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. दोन्ही बाजूंची जागा मिळूनच पुरत नसेल तर कोणताही ऑफसेट तुम्हाला वाचवणार नाही. रुंदी कमी करा.

हा हिशेब रिमच्या कडेचा झाला. टायरचा फुगवटा वेगळा. टायरची रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते (२४५/४० साठी साडेआठ इंच), आणि रिम अर्ध्या इंचाने वाढली की टायर साधारण ५ मि.मी. रुंद होतो. शिवाय एका कंपनीचा २४५ दुसऱ्या कंपनीच्या २४५ पेक्षा काही मि.मी. रुंद असतो. त्यामुळे नुसत्या साइजवर विसंबू नका. कंपनीने त्या टायरची प्रत्यक्ष रुंदी छापलेली असते, ती बघा.

आतली बाजू अशी मोजा. मूळ चाक लावून गाडी जमिनीवर उभी करा. टायर आणि स्ट्रट यांच्यामधल्या सगळ्यात अरुंद जागेत (बहुधा स्प्रिंगच्या खालच्या बशीपाशी) अ‍ॅलन की घालून पाहा. ५ ची जाते का, ८ ची, १० ची? चाव्यांवर माप लिहिलेलंच असतं. जागा मोठी असेल तर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती दाबून बसवा, चाक काढा आणि तिची जाडी मोजा. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतलं प्लास्टिकचं अस्तर, अँटिरोल बारची (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या बारची) दांडी आणि चासीचा भाग तपासा. पुढच्या सस्पेन्शनला वरचा आर्म असेल तर त्याचा बॉलजॉइंटही. मागच्या चाकांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि आतली भिंत. प्रत्येक जागेचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

आता माझी चूक सांगतो. हिशेबाप्रमाणे माझ्या स्ट्रटपाशी ४ मि.मी. उरत होते, आणि रिम बसल्यावर मोजले तेव्हाही ४ च भरले. बाहेरून मात्र टायर मडगार्डला लागेल असं वाटत होतं, म्हणून मी दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर वाढवला, आणि तो नकलला (हब धरून ठेवणाऱ्या भागाला) जिथे स्ट्रट जोडलेला असतो तिथल्या बोल्टने. त्या बोल्टने कॅम्बर वाढवला की चाक स्ट्रटच्या सापेक्ष कलतं आणि टायरचा वरचा भाग थेट स्ट्रटकडे सरकतो. माझे चारही मि.मी. तिथे संपले. उभ्या गाडीत कागद जाईल इतकी फट दिसायची. वळणावर टायर दबला की ती बंद व्हायची. आवाज कधीच आला नाही. काही महिन्यांनी चाकं अदलाबदल करायला काढली तेव्हा दोन्ही पुढच्या टायरांच्या आतल्या साइडवॉलवर गोल फिरलेली, नख अडकेल इतकी खोल खाच होती. त्या टायरांवर मी महामार्गावर कुटुंबासह प्रवास केला होता. दोन्ही टायर त्याच दिवशी टाकून दिले.

तेव्हापासून माझा नियम: स्ट्रटपाशी स्थिर अवस्थेत ५ मि.मी. हवेतच, आणि कॅम्बर हवा असेल तर तो वरच्या माउंटवरच्या कॅम्बर प्लेटने घ्यायचा. तिथे स्ट्रट आणि चाक एकत्र कलतात, मधलं अंतर बदलत नाही. नकलच्या बोल्टने घेणारच असाल तर आधी कॅम्बर ठरवा आणि मग जागा मोजा.

बाहेरच्या बाजूला ओळंबा लावा. मडगार्डच्या कडेवरून सोडलेली दोरी टायरच्या फुगवट्यापासून किती लांब पडते ते मोजा, त्यातून दुमडीची जाडी वजा करा. पण बाहेरची खरी परीक्षा उभ्या गाडीत होत नाही. गाडी स्टँडवर घ्या, स्प्रिंग काढा, स्ट्रट परत बसवा आणि हबखाली जॅक लावून सस्पेन्शन बंप स्टॉप (सस्पेन्शनला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत वर न्या. बंप स्टॉपही दबतो, म्हणून आणखी थोडी जागा सोडा. याच स्थितीत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून बघा. काम कटकटीचं आहे, अर्धा दिवस जातो, तरी करा. निगेटिव्ह कॅम्बर इथे मदत करतो: या व्यासाच्या चाकाला एका अंशामागे टायरचा माथा साधारण साडेपाच मि.मी. आत येतो.

दोन्ही आकडे हातात आल्यावर निवड सोपी होते. आत ५ मि.मी. राखून जितका मोठा ऑफसेट बसेल तितका घ्या. चाक मडगार्डच्या बरोबरीला आलं की गाडी देखणी दिसते हे मला मान्य आहे, पण तेवढ्यासाठी ऑफसेट उतरवू नका. ऑफसेट १३ मि.मी. ने कमी झाला की स्टिअरिंगच्या अक्षापासून टायरच्या टेकण्याचा मध्य तेवढाच बाहेर जातो. मग रस्त्यावरच्या चाकोऱ्या स्टिअरिंग ओढायला लागतात, एका चाकाखाली ओलं आणि दुसऱ्याखाली कोरडं असताना ब्रेक लावला की गाडी एका बाजूला खेचते, आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

५. ब्रेक कॅलिपर

साइज आणि ऑफसेट सारखे असूनही दोन रिम्सपैकी एक कॅलिपरला (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) लागू शकते, कारण रिमच्या दांड्यांचा (स्पोक्सचा) आकार वेगळा असतो. मोठे ब्रेक असतील तर ब्रेकच्या कंपनीचा नकाशा खऱ्या मापात छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि रिममध्ये फिरवून पाहा. चहूबाजूंनी ३ मि.मी. हवेत.

६. बसवल्यावर

टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला, समोरासमोरचे नट क्रमाने. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. त्याच वेळी चाकं काढून टॉर्चच्या उजेडात टायरची आतली साइडवॉल, अस्तर आणि मडगार्डची दुमड बघा. घासलेली जागा काळी आणि चकचकीत दिसते. खूण मडगार्डच्या दुमडीवर असेल तर दुमड चेपून घ्या किंवा कॅम्बर थोडा वाढवा. अस्तरावर फक्त पूर्ण वळवल्यावरची हलकी खूण असेल तर अस्तर मागे सरकवून बांधता येतं. खूण स्ट्रटपाशी असेल तर गाडी तशी चालवू नका. ३ ते ५ मि.मी.चा, हबवर घट्ट बसणारा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी, हब आणि रिममधली चकती) लावता येतो, पण त्याआधी नटचे फेरे मोजा: नट स्टडच्या (हबमधल्या, नट बसणाऱ्या बोल्टच्या) जाडीइतका तरी आत गेला पाहिजे. १२ मि.मी.च्या, आट्यांमधलं अंतर १.२५ मि.मी. असलेल्या स्टडवर ते साधारण दहा फेरे होतात. त्याहून कमी भरले तर आधी लांब स्टड बसवा, मगच स्पेसर.