प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेख वाचायला बसण्यापूर्वी

सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे रक्तातली प्रथिने विजेच्या साहाय्याने अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि गॅमा अशा भागांत वेगळी करणारी तपासणी. तिचा आलेख उघडण्याआधी मागणीपत्र नीट वाचावे. रुग्णाचे वय, हाडदुखी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम यांची नोंद त्यावर नसेल, तर गोव्यातल्या डिचोलीहून असो वा वाळपईहून, नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ती विचारून घ्यावी.

मग नमुना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. नळी साधी होती का आणि रक्त पूर्ण गोठल्यावरच सीरम वेगळे केले का, याची खात्री करण्यात गेलेला वेळ मी कधीच वाया गेला असे मानत नाही. कारण चुकून प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) आला, तर त्यातले रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन बीटा आणि गॅमा यांच्या मधोमध ठसठशीत रेघ उमटवते. एका बाईंच्या रिपोर्टात अशाच रेघेला 'एम-बँड', म्हणजे मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात दिसणारी एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाची रेघ, म्हटले गेले, बोटीवर नोकरीला असलेला मुलगा धावतपळत घरी आला, आणि फेरनमुन्याच्या सीरममध्ये ती रेघ नव्हतीच. त्या घराने काढलेल्या रात्री मला आजही डाचतात. सीरम लालसर असेल तर तेही नोंदवावे, कारण फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन अल्फा-२ आणि बीटा या भागांत भर घालते. रुग्णाला मायलोमावरचे डाराट्युमुमॅब चालू आहे का, हेही विचारावे. ते औषध स्वतःच आयजीजी कॅपा प्रकारचे प्रतिपिंड असल्यामुळे त्याची बारीक रेघ दिसू शकते.

एकूण प्रथिनांचा आकडा शेजारी हवाच. नुसती टक्केवारी फसवते : डेसिलिटरमागे एकूण प्रथिने १० ग्रॅम असतील तर २५ टक्के गॅमा म्हणजे अडीच ग्रॅम, आणि ६ ग्रॅम असतील तर दीड ग्रॅम, जे बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत बसते.

वाचन अल्ब्युमिनपासून सुरू करावे. अल्ब्युमिन घटून अल्फा-२ उंचावले असेल तर नेफ्रॉटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून प्रथिने गळण्याचा विकार), आणि बीटा-गॅमा यांच्यातली दरी बुजली असेल तर सिऱ्होसिस (यकृत निबर होण्याचा आजार) मनात आणावा. गॅमाचा उंचवटा सड्यासारखा, म्हणजे खडकाळ पठारासारखा, पसरट असेल तर तो बहुधा दीर्घ संसर्गाचा किंवा यकृताच्या आजाराचा असतो. देवळापुढच्या दीपस्तंभासारखे अरुंद, सरळ टोक दिसले, तर इम्युनोफिक्सेशन (प्रतिपिंडाचा प्रकार ओळखणारी चाचणी) केल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. टोक नाही, पण वयस्क रुग्णाचा गॅमा अगदीच सपाट आहे, तर 'नॉर्मल' लिहिण्याआधी थांबावे आणि फ्री लाईट चेन (प्रतिपिंडांचे सुटे, छोटे भाग) यांची चाचणी मागवावी, कारण लाईट चेन मायलोमा असाच लपतो.

लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाईट चेन नव्हे. म्हणून २४ तासांची लघवी गोळा करावी लागते, आणि तिचा डबा देताना पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकायची आणि दुसऱ्या सकाळची पहिली डब्यात धरायची, हे रुग्णाला त्याच्या कोकणीत समजावून सांगावे आणि त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावे.