अश्मीभूत लाकडाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

माळव्याची काळी माती ही दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकाची, झीज होऊन तयार झालेली आहे, त्यामुळे इंदूरच्या भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला लाव्हाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे थर साचत असताना मधल्या शांत काळात जी तळी आणि वने निर्माण झाली, त्यांतील खोडे आज दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे दगड होऊन सापडतात. भूजलात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशींमध्ये शिरून साचत जाते, आणि म्हणूनच पेशींच्या भिंतीसुद्धा टिकून राहतात.

नवख्यांना माझे सांगणे असे, की आधी आजचे लाकूड वाचायला शिकावे. होळकर विज्ञान महाविद्यालयात शिकत असताना मी सुताराकडून सागाचे आणि आंब्याचे तुकडे मागून आणत असे. त्यांची टोके धारदार पात्याने तासून दहा पट भिंगाखाली धरली, की सागात वाढीच्या हंगामाच्या आरंभीच्या मोठ्या वाहिन्यांची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची, स्पष्ट रांग दिसते, तर आंब्यात वाहिन्या सर्वत्र विखुरलेल्या असतात आणि वाढीची वलये अस्पष्ट असतात. हा फरक डोळ्यांत बसल्याशिवाय जीवाश्माचा छेद हा नुसता नक्षीदार दगड वाटतो.

प्रयोगशाळेत हिऱ्याच्या करवतीने तीन दिशांचे काप घेऊन, ते काचपट्टीवर चिकटवून, कार्बोरंडम या कठीण घर्षकाच्या पुडीने प्रकाश आरपार जाईपर्यंत, म्हणजे साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासावे लागतात. शेवटच्या टप्प्यात हात जरा जड पडला तर नमुना पुसलाच जातो. काम कंटाळवाणे आहे, पण दुसऱ्याकडून करवून घेऊ नये असे माझे मत आहे.

अशा छेदातून तेव्हाचे हवामान वाचता येते. रुंद आणि विरळ वाहिन्या मुबलक पाण्याकडे बोट दाखवतात, अरुंद आणि दाट वाहिन्या कोरडेपणाकडे. घुघुआ येथील ताडवर्गीय खोडांत वलये नसतात, विखुरलेले वाहिनीपूल, म्हणजे वाहिन्यांचे जुडगे, असतात. ही झाडे कडक गोठण सहन करीत नसल्याने त्यांचे अस्तित्व हाच उष्ण हवामानाचा पुरावा ठरतो. याउलट राणीगंजसारख्या गोंडवन कोळसाक्षेत्रांतील, २५ कोटी वर्षांहून जुन्या लाकडांत ठसठशीत वलये आढळतात, कारण तेव्हा भारत बराच दक्षिणेकडे होता आणि तेथील ऋतुभेद तीव्र होता.

तथापि एका ओंडक्यावरून वनाचे चित्र रंगवण्याचा मोह टाळावा. मुळाच्या लाकडातील वाहिन्या खोडापेक्षा बहुधा रुंद असतात, त्यामुळे लाकूड मुळाचे आहे हे ओळखता आले नाही तर कोरड्या प्रदेशातील झाडही ओलसर प्रदेशातले वाटू शकते. शिवाय ओंडका नदीने दुरून वाहून आणलेला असू शकतो. तो उभा सापडला की आडवा, साल शिल्लक आहे की घासली गेली आहे, ही नोंद जागेवरच करावी.

घुघुआ हे १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तेथून खडाही उचलता येत नाही. सरावासाठी विभागाच्या संग्रहातील जुन्या काचपट्ट्या मागाव्यात आणि पुढील संशोधनासाठी लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेकडे अर्ज करताना स्वतः काढलेल्या छेदांची छायाचित्रे सोबत जोडावीत.